पांढऱ्या उंदरिणीची तपकिरी पिल्लं

उंदीर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या इमारतीत प्राणिशास्त्राची पदवी असलेली मी एकटीच होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलीही मी एकटीच. बा आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांसच्या चहामळ्यात राबला, आई त्याच मळ्यात पानं खुडायची, आणि मी पुण्याला तीन वर्षं राहून पदवी घेऊन परत आले. हे मी मिरवते असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. मिरवण्यासारखंच होतं ते.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. रोझ हिलजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मला तात्पुरती जागा मिळाली. तिथल्या मुख्य डॉक्टर एक क्रेओल, म्हणजे आफ्रिकी-फ्रेंच वंशाच्या, बाई होत्या, त्यांना सगळे मादाम म्हणत. बेटावर घरोघरी साखरेचा आजार, आणि घरोघरी त्याच्यावर कसला ना कसला पाला उकळून प्यायची रीत. माझी आई सकाळी कारल्याच्या पानांचा काढा प्यायची आणि त्याच्यावर गोड चहा. मादामना हे पाले खरंच गुण देतात का ते पाहायचं होतं. उंदरांना एक औषध टोचून त्यांची साखर वाढवायची, मग अर्ध्यांना काढा, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि शेपटीतल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजायची.

आता कुणी म्हणेल, उंदीर काय, उसाच्या मळ्यात हवे तेवढे. पण मळ्यातला उंदीर चालत नाही. त्यातला एक धट्टाकट्टा, एक रोगट, एकाची साखर मुळातच जास्त. काढ्याने साखर उतरली की तो उंदीरच तसा होता, हे कळणार कसं? म्हणून एकाच वाणाचे उंदीर लागतात. सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतल्या भावा-बहिणीची पुन्हा जोडी, असं वीस पिढ्या आणि पुढेही. मग त्या वाणातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जुळा असल्यासारखा होतो. असे वाण परदेशात तयार मिळायचे, आणि त्यातला कुठला घ्यायचा हा प्रश्न होता.

मादामना पांढरे हवे होते. त्यांचं शिक्षण पांढऱ्यांवर झालेलं. मला काळे हवे होते, कारण टोचायच्या औषधाला काळे चांगली दाद देतात असं मी पुण्यात वाचून आले होते. मी तसं स्पष्ट सांगितलं. मादामनी मागणीचा कागद पुढे ओढला.

"ठीक आहे, मादमझेल. दोन्ही मागवू. तीन-तीन जोड्या. वर्ष संपायच्या आत एक वाण निवडायचा, आणि एकसारखे चाळीस उंदीर मला हवेत. नाही जमलं तर ही खोली औषधं ठेवायला जाईल. आणि तुमची जागा खोलीबरोबरच."

त्या दिवशी बसमध्ये मी चाळीस हा आकडा क्युरपीपपर्यंत मनात घोळवत आले.

उंदरांची राखण करायला जे आले ते आमच्या मराठी माणसांतलेच निघाले, प्लेन दे पपाय गावचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायला लागले. साठीला टेकलेले, उसाच्या मळ्यात बैल सांभाळण्यात हयात गेलेली. देवळातल्या संध्याकाळच्या वर्गात त्यांनी देवनागरी वाचायला शिकून घेतलं होतं. पण बेटावरच्या मराठी माणसांत त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. काका लग्नं जुळवायचे.

हे काम आमच्याकडे सोपं नाही. मराठी घरं मोजकी. आमचे पणजोबा-खापरपणजोबा बोटीतून उतरल्यापासून लग्नं आपापसांतच होत आलेली. त्यामुळे कुठलाही मुलगा कुठल्याही मुलीचा कुठून ना कुठून नातेवाईक निघतो. कुणाचं देवक काय, कुणाची आजी कुठल्या गावची, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. एकदा हळद लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी लग्न थांबवलं होतं, नवरामुलाची आजी आणि नवरीची आजी सख्ख्या बहिणी निघाल्या म्हणून. दोन्ही घरांनी शिव्या दिल्या, आणि नंतर दोन्ही घरांनी आपल्या दुसऱ्या मुलांसाठी त्यांनाच बोलावलं. माझ्या थोरल्या भावाचं लग्न त्यांनीच जुळवून दिलं. माझंही जुळवायचा त्यांचा विचार होता.

"बाय, तुला कितवा वरीस चाल्लाय?" पिंजरे पुसता पुसता ते विचारायचे.

"आधी उंदरांचं उरका, काका."

"उंदरांचा होतो आपोआप. तुझ्यासाठी पोरगा बगायला बसची तिकिटां मला काढावी लागतात."

उंदीर विमानाने आले. लाकडी खोक्यांत, भुशात, प्रत्येक खोक्यात बटाट्याची फोड. काळ्यांच्या वाणाचं नाव सी-फिफ्टीसेव्हन ब्लॅक सिक्स, पांढऱ्यांचं बाल्ब-सी, पण आमच्या खोलीत ते काळे आणि पांढरेच राहिले. काका त्यांना लेरा म्हणायचे, बेटावरच्या क्रेओल बोलीत उंदराला म्हणतात तसं, आणि एकीकडे बैलांशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलायचे.

चार महिन्यांत दोन्ही वाणांनी आपापले गुण दाखवले. पांढरे हातात घ्यायला गरीब, पण एका पिंजऱ्यात दोन मोठे नर ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडायचे. औषध टोचलं तर त्यांच्यातल्या निम्म्यांवर काही फरकच पडायचा नाही. काळ्यांची साखर छान वाढायची, पण ते चपळ, चावरे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक असा निघायचा की जो बाकीच्यांच्या मिश्या कुरतडून साफ करायचा. काका त्याला न्हावी म्हणायचे. तेही चाललं असतं. पण काळ्या माद्या पिल्लं टिकू देत नव्हत्या. बाहेर कुणी दार आपटलं, गाडीने भोंगा वाजवला की दुसऱ्या दिवशी घरट्यात पिल्लं कमी, आईनेच खाल्लेली. मी खिडकीला गोणपाट लावलं, दारावर पाटी लावली. चाळीस सोडा, वर्षाच्या मध्यावर माझ्याकडे धड अकरा तरुण काळे होते. पांढरे पुष्कळ होते, पण ते कामाचे नव्हते. मला काळेच निवडायचे होते, आणि काळे होत नव्हते.

आता माझी चूक सांगते. पिंजऱ्यावरची कार्डं मी इंग्रजीत लिहायची: क्रमांक, आई-बाप, जन्मतारीख. काकांना ती वाचता येत नसत, दर वेळी मला हाक मारावी लागे. एक दिवस मला वाटलं, ही कार्डं मराठीत का नकोत? सरकारी प्रयोगशाळेत मराठी कार्डं, कुणी केली होती का आधी? मी शनिवार घालवून सगळी नवी लिहून काढली. 'काळी तीन. आई: काळी एक. बाप: काळा एक.' मला त्याचा इतका आनंद झाला की मी ती आईला दाखवायला घरी नेली.

सोमवारी काका नवी कार्डं वाचत राहिले. पिंजऱ्यांसमोरून चष्मा लावून दोनदा फिरले. मग म्हणाले, "बाय, ह्या पिंजऱ्यात नवरा-बायको हायत ना?"

"हो."

"नवऱ्याची आई पांढरी दोन. बायकोची आई पण पांढरी दोन. बाप पण तोच." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लिवण्यात चुकलीस तू."

"चुकले नाही, काका. सख्खी भावंडंच आहेत ती. तशीच लागतात."

"सगळी?"

"सगळी. वीस पिढ्यांच्या वर तसंच चाललंय."

काका स्टुलावर बसले. "सरकारची परवानगी हाय ह्याला?"

"आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग निदान मामेबहीण करा. मामेबहिणीला आपल्यात ना नाय. सरकारला पण चालंल."

"मामेबहीण नाही चालत."

"सख्खी चालते आणि मामेबहीण चालत नाय." त्यांनी भुशाचं टोपलं उचललं. "शिकली पोर." दारातून वळून म्हणाले, "काळीची लेकरां का टिकत नायत, ता मला आज समजला."

मी त्यांना जुळ्यांचं, साखरेचं, सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाचं, काकांनी जुळवलेलं ते लग्न होतं. मी चार दिवसांची रजा मागणार होते, काका म्हणाले, आठवडा घे, घरात लग्न म्हणजे काय खेळ हाय? मी हाय ना इथे. मी आठवडा घेतला. लग्नाच्या दिवशी ते आले, पोटभर जेवले, झाकरीच्या फेरात म्हाताऱ्यांबरोबर नाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कामावर हजर.

तीन आठवड्यांनी एका पांढरीला पिल्लं झाली. नवजात पिल्लं गुलाबी असतात, अंगावर केस नसतात, पण पांढऱ्यांच्या पिल्लांचे डोळेही कातडीखाली गुलाबीच दिसतात. ह्यांचे काळे ठिपके दिसत होते. मला वाटलं, उजेड कमी असेल. आठवड्याने केस आले. तपकिरी. काळे नाहीत, पांढरे नाहीत, उसाच्या मळ्यात पळणाऱ्या उंदरासारखे करडे-तपकिरी. दुसऱ्या पिंजऱ्यात पाहिलं, तिथेही तेच. काळ्यांच्या घरट्यांतही तेच. आणि एकाही काळीने एकही पिल्लू गमावलं नव्हतं. नऊ-नऊ पिल्लं, गुबगुबीत, आईखाली ओळीने.

ह्याचा मला एकच अर्थ लागला: मळ्यातला उंदीर कुठून तरी आत शिरलाय. मी खोलीचा कोपरा न् कोपरा तपासला. काका माझ्यामागे पत्र्याचे तुकडे घेऊन फिरत होते आणि मी दाखवीन त्या फटीला मुकाट्याने खिळे मारत होते.

मादामना सांगणं भाग होतं. त्यांनी आत येऊन पिल्लं पाहिली, हात लावला नाही.

"बाहेरचा उंदीर आला म्हणजे बाहेरचा रोग आला. शुक्रवारी सगळे संपवा. मोठे, लहान, सगळे. खोली धुवून काढा." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, मादमझेल."

मागे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्वा सा, मादाम," काका म्हणाले. मीच तो.

मादामनी भुवया वर केल्या. "तुम्ही काय, तोंतों?"

तोंतों म्हणजे काकाच. काकांनी हात मागे बांधले आणि क्रेओलमध्ये सरळ सांगून टाकलं. मिस लग्नाला गेली तेव्हा मी काळ्यांचे नवरे पांढऱ्यांकडे दिले आणि पांढऱ्यांचे काळ्यांकडे. एक आठवडा. मग ज्याचा तो परत आणून ठेवला. बाहेरचं कुणी आलेलं नाही. फटी सगळ्या आधीपासूनच बंद होत्या.

"का?" मादामनी विचारलं.

काकांना क्रेओलमध्ये शब्द सापडेना. ते माझ्याकडे वळले. "साटंलोटं केला, सांग तिला. ह्या घरची तिकडे, तिकडची ह्या घरी. दोन्ही घरां परकी. मी बगून घेतला, कार्डां वाचून. एक नातं निघत नाय."

मी मादामना ते समजावून सांगितलं, दोन कुटुंबं एकमेकांत मुली देतात-घेतात हेही सांगितलं. मला भयंकर राग आला होता. मादामनी वाकून पिल्लं पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे रोग नाही. बरं झालं. पण मादमझेल, तुमचे चाळीस?"

"सोमवारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं.

काकांशी मी दिवसभर बोलले नाही. ते जाताना दारात उभे राहिले. "रागावलीस?"

"हो."

"रागव. पण लेकरां बग एकदा. सगळी एका तोंडवळ्याची हायत."

घरी आई ब्रेदची पानं निवडत होती, रात्रीच्या भाजीला. मी तिला सगळं सांगितलं. ती हसू दाबत होती, ते मला दिसत होतं.

"दोन घरची पोरां आणि सगळी सारखी?" ती म्हणाली. "तुज्या मामाची पाच पोरां बग. एक उंच, एक बुटका, एकीचे केस कुरळे."

मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि उत्तर देता देता माझं मलाच समजलं. मामा आणि मामी स्वतःच खिचडी आहेत, कुठला दाणा कुणाच्या ताटात पडेल सांगता येत नाही. पण माझ्या खोलीत आई निव्वळ तांदूळ आणि बाप निव्वळ डाळ. पांढऱ्यात दुसरं काही नाही, काळ्यात दुसरं काही नाही. अर्धा ह्याचा, अर्धा तिचा, प्रत्येक ताटात खिचडी तीच. ही पिल्लं एकसारखी असणारच. मादामनी एकसारखे चाळीस मागितले होते. काळेच हवेत असं त्या म्हणाल्या नव्हत्या, ते मी म्हणत होते.

मी आतल्या पेटीतून पुण्याची वही काढली. होतंच त्यात, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेलं: दोन शुद्ध वाणांची पहिली संतती एकसारखी, आणि बहुधा आई-बापांहून दणकट. परीक्षेला लिहून मी विसरले होते. आई म्हणाली, पाच वर्षांपूर्वीचं लिवलेलं आज वाचतेस होय, मग कॉलेजात काय करत होतीस? मी पान पुन्हा वाचलं आणि तिच्यासमोर ब्रेद निवडायला बसले. मला हसू आवरेना.

शनिवारी मी पिल्लं वजनकाट्यावर घातली. पहिल्या घरट्यातली, दुसऱ्यातली, काळ्या आईची, पांढऱ्या आईची. काटा जवळजवळ एकाच रेघेवर थांबत होता. शनिवारी सुट्टी असून काका आले होते. एकेक पिल्लू हातात देत राहिले. शेवटचं दिल्यावर म्हणाले, "जमलेलं हाय."

सोमवारी मी मादामसमोर फळ्यावर काळे आणि पांढरे गोल काढले. "एक अडचण आहे," मी सांगितलं. "तपकिरींची आपसांत जोडी लावायची नाही. त्यांच्या पिल्लांत सगळे रंग आणि सगळे स्वभाव विखुरतील. तपकिरी हवे असतील तर दर वेळी नव्याने काळ्या-पांढऱ्यांची जोडी लावावी लागेल. म्हणजे दोन्ही वाण राखावे लागतील."

"आणि औषध?"

"मोठे झाले की टोचून बघू. आत्ताच सांगता येत नाही."

मादामना हे आवडलं, सांगता येत नाही म्हणणं. त्यांनी खोलीला मुदत वाढवून दिली, तपकिरी मोठे होईपर्यंत.

मग प्रश्न उरला तो काकांचा. दोन्ही वाण राखायचे म्हणजे त्यांच्यात भावंडांच्या जोड्या लावत राहायलाच हवं. काका नाही म्हणाले असते तर दुसरा राखणदार मिळाला असता, पण काळ्या माद्या त्यांच्याच आवाजाला शांत राहायच्या. मी त्यांना मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"साटंलोटं मी करीन. कितीबी सांग. ता दुसरा माझ्या हातून व्हायचा नाय."

"ते मी करीन. तुम्ही हात लावू नका."

"मी खोलीत पण नसणार."

"नका राहू."

"आणि त्या जोड्यांची कार्डां परत इंग्लिसमध्ये लिव."

असं ठरलं. शुद्ध वाणाची जोडी लावायची वेळ आली की मी नुसतं "काका" म्हणायची, आणि ते बाटल्या धुवायला मागच्या नळावर जायचे. काळ्या-पांढऱ्यांची जोडी लावायची असली की मात्र मला हात लावू द्यायचे नाहीत. मराठीतली दोन्ही कार्डं डोळ्यांजवळ नेऊन तपासायचे, नर उचलून मादीच्या पिंजऱ्यात सोडायचे आणि तिला सांगायचे, घर चांगला हाय, जरा चावरे हायत एवढाच.

तपकिरी मोठे झाले. भांडले नाहीत, मिश्या कुरतडल्या नाहीत. पहिल्या सहांना औषध टोचलं, आणि चौथ्या दिवशी मी एकेकाच्या शेपटीतला थेंब पट्टीवर घेत गेले. साखर चढल्याने पट्ट्यांचा रंग बदलला, सगळ्यांचा जवळपास एकच. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मादामना हाक मारली. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग खोलीकडे.

"किती आहेत?"

"त्रेपन्न," मी म्हटलं.

औषधांचा साठा दुसरीकडे गेला. नव्या वर्षात माझी जागा कायम झाली. पाल्यांचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं, त्यातले काही काढे निव्वळ कडू पाणी निघाले. हे आईला सांगून उपयोग नव्हता.

टोचायचं औषध ज्या परदेशी संस्थेकडून यायचं, तिने एक अर्ज भरून मागितला. त्यात रकाना होता: हाच उंदीर का निवडला? मी तीन कारणं लिहिली. औषधाला सगळ्यांचा प्रतिसाद सारखा. माद्या पिल्लं टिकवतात. राखणदार राजी आहे. मादामनी अर्ज वाचला, तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं, आणि ती खोडायच्या ऐवजी खाली सही केली.

काकांनी विचारलं, काय लिवलास? मी तिन्ही ओळी मराठीत वाचून दाखवल्या. त्यांनी हातातला पिंजरा पुसून जागेवर ठेवला.

"राखणदार कुठचा ता पण लिव," ते म्हणाले. "प्लेन दे पपाय. त्यांना शोधायला बरा."

मी लिहिलं.